तीनशे एमबीपीएस आहे, तरी ठोसा उशिरा का लागतो?

फायटिंग गेम ऑनलाइन खेळणाऱ्या वाचकांचे प्रश्न फिरून फिरून तीनच असतात. ‘माझा प्लॅन तीनशेचा, मित्राचा चाळीसचा, तरी त्याचा गेम सुरळीत आणि माझा अडखळत, हे कसं?’ ‘टेकन घेऊ की स्ट्रीट फायटर? ऑनलाइन कोणता बरा चालतो?’ आणि तिसरा, जरा वैतागून विचारलेला: ‘समोरचा मध्येच इकडून तिकडे उडी मारतो. लॅग म्हणायचं की चीटिंग?’

ऑनलाइन सामना चांगला होणार की वाईट, हे तीन ठिकाणी ठरतं: गेम बनवणाऱ्याच्या टेबलावर, तुमच्या आणि समोरच्याच्या मधल्या केबलवर आणि तुमच्या घरात. आपण पैसे मात्र चौथ्याच ठिकाणी घालतो, प्लॅनचा वेग वाढवण्यात. म्हणून आधी काय तपासायचं, मग काय, आणि खर्च करायचाच तर कशावर, हे क्रमाने पाहू.

आधी माप ठरवू

फायटिंग गेम नेटवरून पाठवतो ते एवढंच: या क्षणी कोणती बटणं दाबली आहेत. ही माहिती इतकी थोडी असते की १० एमबीपीएसची लाइनसुद्धा पुरून उरते. प्रश्न ती किती वेळात पोचते हा आहे. एसटी पन्नास सीटची असो की वीस सीटची, पुण्याहून साताऱ्याला वेळ तेवढाच लागतो. तुमचे तीनशे एमबीपीएस म्हणजे सीटा.

लक्ष द्यायचं ते तीन गोष्टींकडे. पिंग म्हणजे माहिती जाऊन परत यायला लागणारा वेळ. जिटर म्हणजे त्या वेळातली वरखाली. पॅकेट लॉस म्हणजे वाटेत हरवलेली माहिती. या तिन्हींत सर्वांत घातक जिटर. स्थिर ९० पिंगवर चांगला सामना होतो. ३० ते १२० मध्ये हिंदकळणाऱ्या पिंगवर होत नाही.

हे गेम सेकंदाला ६० फ्रेमने चालतात, म्हणजे एक फ्रेम साधारण १७ मिलिसेकंदांची. यापुढचा सगळा हिशेब फ्रेममध्येच आहे.

गेम घेण्याआधी: डिले की रोलबॅक?

दोन यंत्रांवर एकच सामना चालवायचा तर दोघांची बटणं दोन्हीकडे पोचायला हवीत. त्यासाठीच्या व्यवस्थेला नेटकोड म्हणतात आणि तिचे मुख्य प्रकार दोन.

*डिले* पद्धतीत गेम वाट पाहतो. तुम्ही ठोशाचं बटण दाबलंत तरी समोरच्याची माहिती येईपर्यंत तुमचं बटण रोखून धरलं जातं. पिंग १०० असेल तर एका बाजूचा प्रवास ५० मिलिसेकंदांचा, म्हणजे ३ फ्रेम. तुमची प्रत्येक हालचाल तेवढी उशिरा. हा उशीर ठरावीक असता तर एक वेळ हाताला सवय झाली असती. पण पिंग हललं की उशीर कधी दोन फ्रेम, कधी सहा, आणि सरावात दहापैकी दहा वेळा बसणारा कॉम्बो सामन्यात निसटतो.

*रोलबॅक* पद्धतीत गेम थांबत नाही. तुमचं बटण लगेच किंवा ठरावीक दोन-तीन फ्रेमनंतर लागतं. समोरचा मघाशी जे करत होता तेच अजून करत असेल, असं धरून चित्र पुढे सरकतं. खरी माहिती आली आणि अंदाज चुकला असेल तर गेम मागे जातो, मधल्या फ्रेम नव्याने मोजतो आणि दुरुस्त चित्र दाखवतो. तिसऱ्या प्रश्नातली ती ‘उडी’ म्हणजे ही दुरुस्ती. चीटिंग नव्हे.

ही पद्धत टोनी कॅनन या अमेरिकन प्रोग्रामरने ‘जीजीपीओ’ या नावाने पुढे आणली. इव्हो या फायटिंग गेमच्या सर्वांत मोठ्या स्पर्धेच्या संस्थापकांपैकी ते एक. २००६ मध्ये एक्सबॉक्स ३६० वर आलेल्या स्ट्रीट फायटर २ च्या ऑनलाइन आवृत्तीने त्यांची निराशा केली आणि त्यातून हे काम सुरू झालं. तरीही जपानी कंपन्या पुढची बरीच वर्षं डिलेलाच धरून राहिल्या. जपानात अंतरं कमी आणि लाइनी चांगल्या. तिथे बसून चाचणी घेणाऱ्याला डिले फारसा खुपला नसावा. २०२० मध्ये कोविडने जागेवरच्या स्पर्धा बंद पडल्या तेव्हा हा प्रश्न ऐरणीवर आला. इव्होने त्या वर्षी ऑनलाइन स्पर्धा जाहीर करताना डिलेवर चालणारा सुपर स्मॅश ब्रदर्स अल्टिमेट वगळला आणि रोलबॅक असलेले चार गेम आत घेतले. ती ऑनलाइन स्पर्धा पुढे वेगळ्याच कारणाने रद्द झाली, पण कंपन्यांना इशारा पोचला.

आज दुकानात काय घ्यावं, याची ढोबळ वाटणी अशी:

- ऑनलाइनसाठी निर्धास्त घ्या: स्ट्रीट फायटर ६ (२०२३), टेकन ८ (२०२४), गिल्टी गिअर स्ट्राइव्ह (२०२१), द किंग ऑफ फायटर्स १५ (२०२२), ग्रॅनब्लू फँटसी व्हर्सस रायझिंग (२०२३), मॉर्टल कॉम्बॅट ११ आणि त्यानंतरचा मॉर्टल कॉम्बॅट १.
- कोणत्या यंत्रावर घेताय ते बघून घ्या: ड्रॅगन बॉल फायटरझी २०१८ मध्ये डिलेवर आला. २०२४ मध्ये त्याला रोलबॅक मिळालं ते पीसी आणि नव्या पिढीच्या कन्सोलवर. पीएस४ वरच्या आवृत्तीसाठी पैसे देण्याआधी थांबा.
- घरी भावंडांबरोबर खेळायला उत्तम, ऑनलाइनसाठी नको: स्मॅश अल्टिमेट आणि सेलमध्ये अगदी स्वस्तात मिळणारा टेकन ७.

डब्यावर ‘रोलबॅक’ लिहिलंय म्हणून काम झालं असंही नाही. स्ट्रीट फायटर ५ मध्ये २०१६ पासून रोलबॅक होतं. पण दोन यंत्रांची घड्याळं जुळवण्यात ते कमी पडायचं: एकाचा सामना मखमलीसारखा आणि दुसऱ्याच्या पडद्यावर सगळ्या दुरुस्त्या. जानेवारी २०२० मध्ये एका हौशी खेळाडूने स्वतःच तोडगा काढून दाखवला आणि पुढच्याच महिन्यात कॅपकॉमचा अधिकृत पॅच आला. चार वर्षं! म्हणून गेम निवडताना परदेशातली परीक्षणं वाचण्यापेक्षा भारतातून खेळणाऱ्या कुणाला तरी विचारा, आणि एकच विचारा: ‘आखातातल्या किंवा सिंगापूरच्या माणसाशी तुझे सामने कसे होतात?’

गेमची रचना: इथे खरी गंमत आहे

नेटकोड सारखाच असूनही एक गेम दूरच्या माणसाशी छान चालतो आणि दुसरा चालत नाही. फरक असतो रचनेत. फार खोलात न जाता एक गणित करू.

एखादी गोष्ट दिसल्यावर बटण दाबायला माणसाला साधारण २०० ते २५० मिलिसेकंद लागतात, म्हणजे १२ ते १५ फ्रेम. त्यात गेमचा आणि पडद्याचा स्वतःचा उशीर मिळवा. आता तीन प्रकारचे हल्ले बघा.

पहिला, अतिजलद. स्ट्रीट फायटर ६ मधला सर्वांत झटपट ठोसा चौथ्या फ्रेमला लागतो, टेकनमधला साधा जॅब दहाव्या. ते बघून अडवणं एकाच सोफ्यावर बसूनही अशक्य आहे. तिथे आधीच अंदाज बांधावा लागतो. त्यामुळे रोलबॅकने त्यातल्या पहिल्या तीन फ्रेम खाल्ल्या, म्हणजे तुम्हाला दिसूच दिल्या नाहीत, तरी तुमचं नुकसान जवळपास शून्य.

दुसरा, ठळक आणि सावकाश. स्ट्रीट फायटर ६ मधला ड्राइव्ह इम्पॅक्ट २६ फ्रेमचा आहे, सोबत रंगांचा भडका आणि मोठा आवाज. यातल्या चार फ्रेम रोलबॅकने गिळल्या तरी २२ उरतात, म्हणजे ३६० मिलिसेकंदांच्या वर. दमछाक होते, पण उत्तर देता येतं.

तिसरा प्रकार मधला, आणि ऑनलाइन खेळ बिघडतो तो इथे. १८ ते २० फ्रेमचे वरून येणारे हल्ले, जेमतेम दिसतील अशा खालून येणाऱ्या किका, चुकलेल्या हल्ल्याला दिलेली शिक्षा. डिझायनरने हे ‘सराव असेल तर बघून अडवता येईल’ अशा बेताने ठेवलेले असतात. वीसमधून चार फ्रेम गेल्या की सोळा उरतात. म्हणजे जे कौशल्य होतं त्याचा जुगार झाला. तुम्हाला वाटतं आपली नजर मंदावली. प्रत्यक्षात तो हल्ला तुमच्या पडद्यावर अर्धवट वाटेतूनच सुरू झालेला असतो.

तेव्हा गेम निवडताना किंवा गेममधलं पात्र निवडताना हे प्रश्न विचारा:

1. बटणांना माफी किती आहे? स्ट्रीट फायटर ४ मधल्या कित्येक कॉम्बोंना बरोबर एका फ्रेमची खिडकी होती. नव्या गेममध्ये बफर असतो: बटण थोडं आधी दाबलं तरी गेम ते लक्षात ठेवतो आणि पहिल्या शक्य फ्रेमला लावतो. ऑनलाइनसाठी ही माफी फार मोलाची.
2. यश मिळाल्याचं कळायला वेळ मिळतो का? गिल्टी गिअर स्ट्राइव्हमध्ये मोठा काउंटर लागला की पडदाभर अक्षरं येतात आणि खेळ क्षणभर मंदावतो. काही जुन्या खेळाडूंना हा भपका वाटतो. मला ती या गेममधली सर्वांत शहाणी गोष्ट वाटते, कारण त्या थांब्यात रोलबॅकच्या दुरुस्त्या लपून जातात आणि पुढचं बटण ठरवायला सवड मिळते.
3. तुमचं पात्र नजरेवर जगतं की अंदाजावर? लांब उभं राहून समोरच्याच्या चुकीची वाट बघणारं पात्र दूरच्या पिंगवर निम्मं होतं. जवळ जाऊन ‘आता थ्रो की ठोसा?’ असा पेच टाकणारं पात्र लॅगमध्ये उलट बळावतं. ऑनलाइन रँक आणि समोरासमोरचा खेळ यांत अंतर पडतं ते बहुतेक यामुळेच.
4. अचूक वेळेची चाल किती वेळा लागते? स्ट्रीट फायटर ६ च्या परफेक्ट पॅरीची खिडकी दोन फ्रेमची आहे. टेकनमधल्या मिशिमा घराण्याचा इलेक्ट्रिक ठोसाही अशाच काटेकोर वेळेचा. यांतला फरक नीट पाहा: इलेक्ट्रिक तुमच्या स्वतःच्या हाताच्या वेळेवर आहे, म्हणून रोलबॅकमध्ये तो शाबूत राहतो. परफेक्ट पॅरी समोरच्याच्या वेळेवर आहे, म्हणून ती डळमळते.
5. एकाच माणसाशी पुन्हा खेळता येतं का? स्ट्रीट फायटर ६ च्या रँक्डमध्ये एक जण दोन डाव जिंकेपर्यंत त्याच माणसाशी पुन्हा खेळता येतं. पहिल्या डावात समोरच्याचा लॅग ओळखून दुसऱ्यात खेळ बदलता येतो.
6. क्रॉसप्ले आहे का? भारतात खेळणारे आधीच विरळ. पीएस५ वाले आणि पीसीवाले एकमेकांशी खेळू शकत नसतील तर जवळचा माणूस मिळणार नाही आणि गेम तुम्हाला समुद्रापलीकडे पाठवेल. वरच्या यादीतले स्ट्रीट फायटर ६, टेकन ८ आणि स्ट्राइव्ह इथे पास होतात.

समोरचा बसलाय कुठे?

फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे १,००० किलोमीटर अंतराला जाऊन-येऊन कमीत कमी १० मिलिसेकंद. हा निसर्गाचा दर आहे, कोणत्याही प्लॅनमध्ये यावर सूट नाही. मुंबईहून सरळ रेषेत मोजलं तर दिल्लीला किमान १२, दुबईला २०, सिंगापूरला ४० आणि टोकियोला ६५ च्या वर मिलिसेकंद. केबल सरळ रेषेत जात नाहीत, मधले राउटर आपला वाटा घेतात. म्हणून प्रत्यक्षातला आकडा याहून बराच जास्त येतो.

माझा सल्ला: रोलबॅक गेममध्ये ८० पिंगपर्यंत निवांत खेळा. ८० ते १३० मध्ये नजरेवर विसंबलेला खेळ कमी करा. १५० च्या वर मैत्रीचे सामने खेळा, रँक लावू नका. न्यूजर्सीतला चुलतभाऊ आणि पुण्यातले तुम्ही यांच्यात सुमारे साडेबारा हजार किलोमीटर आहेत, म्हणजे सव्वाशे मिलिसेकंद नुसत्या अंतराचे आणि खरं पिंग सहज दोनशेच्या पुढे. त्याच्याशी जरूर खेळा, पण टेकनमधल्या खालून येणाऱ्या किका अडवण्याचा हट्ट त्या दिवशी सोडा.

कधी कधी दोष घरातही नसतो आणि गेममध्येही नसतो. सप्टेंबर २०२५ मध्ये तांबड्या समुद्रात समुद्रतळाच्या केबल तुटल्या तेव्हा भारतातून पश्चिमेकडे जाणारी वाहतूक लांबच्या वाटेने वळवावी लागली. अचानक एकाच दिशेचे सगळे सामने बिघडले आणि देशातले ठीक असले, तर राउटर बदलायला धावू नका; बातम्या बघा.

घरातली कामं, याच क्रमाने

1. लॅन केबल टाका. सगळ्या उपायांत स्वस्त आणि सर्वांत गुणकारी. कॅट ५ई किंवा कॅट ६ केबल शंभर मीटरपर्यंत चालते. आपल्याकडे फायबरचा डबा दाराजवळ किंवा टीव्हीमागे लावतात आणि गेमिंगचं टेबल असतं आतल्या खोलीत. भिंतीच्या कडेने चपटी केबल न्या, क्लिपा ठोका. घरमालकाची हरकत असेल तर चौकटीवरून चिकटवा.
2. केबल अशक्यच असेल तर ५ गिगाहर्ट्झचं वायफाय आणि राउटर त्याच खोलीत. २.४ गिगाहर्ट्झवर शेजारच्या वीस घरांचे राउटर, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह सगळे एकत्र भांडतात. स्पीड टेस्टमध्ये हे दिसत नाही, सामन्यात दिसतं.
3. घरात त्या वेळी काय चाललंय ते बघा. कुणाचा फोन फोटोंचा बॅकअप वर चढवत असेल तर अपलोडची रांग लागते आणि तुमची बटणं त्या रांगेत उभी राहतात. राउटरमध्ये ही रांग आवरणारं क्यूओएस किंवा एसक्यूएम असेल तर चालू करा. नसेल तर बॅकअप रात्री दोनला लावा.
4. दोन राउटर एकामागे एक आहेत का? कंपनीच्या डब्याला तुम्ही स्वतःचा राउटर जोडला असेल तर दोघेही पत्ते वाटतात आणि थेट जोडणी अडते. एकाला ब्रिज किंवा ॲक्सेस पॉइंट मोडवर टाका. बरेच फायटिंग गेम दोन खेळाडूंना थेट एकमेकांशी जोडतात, म्हणून हे महत्त्वाचं. पीएस५ वर नॅट टाइप ३ किंवा एक्सबॉक्सवर ‘स्ट्रिक्ट’ दिसत असेल तर रोग इथेच आहे.
5. तरीही नॅट सुधारत नसेल तर तुमची कंपनी एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटत असण्याची शक्यता मोठी. ग्राहक सेवेला ‘पब्लिक आयपी मिळेल का आणि महिन्याला किती?’ एवढंच विचारा. ‘गेम अडकतो’ म्हणालात तर ते राउटर बंद-चालू करायला सांगतील.
6. राउटरसाठी छोटा यूपीएस घ्या. वीज जाऊन इन्व्हर्टर चालू होईपर्यंतच्या क्षणात राउटर बंद पडला तर सामना तुटतो आणि गेम त्याला पळून जाणं समजतो.

मोबाइल हॉटस्पॉटवर रँक्ड खेळू नका. छतावर अँटेना लावून मिळणारं ५जी इंटरनेट सिनेमाला उत्तम, पण शेवटचा टप्पा रेडिओचा असल्याने जिटर जास्त. जिथे फायबर येतं तिथे फायबरच घ्या. आणि ‘पिंग कमी करतो’ म्हणणारी सशुल्क व्हीपीएन आणि बूस्टर? वाट वाकडी असेल तर क्वचित फायदा होतो, एरवी वाट लांबते. मोफत चाचणीत फरक दिसला नाही तर पैसे देऊ नका.

इंटरनेटवर खापर फोडण्याआधी पडदा तपासा

ज्याला तुम्ही लॅग म्हणता तो ऑफलाइन सरावातही जाणवतो का? जाणवत असेल तर इंटरनेट निर्दोष आहे.

- टीव्हीवर गेम मोड चालू करा. तो बंद असताना चित्र गुळगुळीत करण्याच्या नादात टीव्ही कित्येक फ्रेम उशीर लावतो.
- पीसीवर व्ही-सिंक बंद करून बघा. पीएस५ ला १२० हर्ट्झचा पडदा जोडलेला असेल तर स्ट्रीट फायटर ६ मध्ये इनपुट डिले कमी करण्याचा पर्याय आहे, तो लावा.
- पीसी अशक्त असेल तर रोलबॅक त्याला दमवतं, कारण दुरुस्तीच्या वेळी अनेक फ्रेमचा हिशेब एका फ्रेमच्या वेळात करायचा असतो. ग्राफिक्स उतरवा, ६० फ्रेम हलू देऊ नका. तुमचा पीसी रखडला तर समोरच्याचाही सामना रखडतो. स्ट्रीट फायटर ६ साठी कॅपकॉमने मोफत बेंचमार्क दिलेला आहे; विकत घेण्याआधी तो चालवून बघा.
- काही गेममध्ये आणि फाइटकेडसारख्या मंचावर इनपुट डिले स्वतः ठरवता येतो. दोन फ्रेम ठेवा आणि दर सामन्याला बदलत बसू नका. हाताला एकच वेळ कळते.

सामना स्वीकारताना

स्ट्रीट फायटर ६ आणि टेकन ८ दोन्ही समोरचा केबलवर आहे की वायफायवर, हे चिन्हाने दाखवतात. वायफायवाल्याला नाकारण्यात उद्धटपणा नाही. जोडणीच्या पट्ट्या चार-पाच असतील तरच स्वीकारा, असा नियम ठेवा. रात्री उशिरा माणसं कमी मिळतील तेव्हा तीनवर या.

दोष कुणाचा हे ओळखायची सोपी खूण: सगळेच जण उड्या मारत असतील तर लाइन तुमची हलतेय. एकच जण मारत असेल तर त्याची, किंवा तो फार लांब आहे.

हरताना केबल उपटू नका. बऱ्याच गेममध्ये सामने सोडण्याची नोंद राहते आणि मर्यादेबाहेर गेलात तर शिक्षा होते. तुमच्या भागात भारनियमन असेल तर त्या तासांत रँक्ड टाळून साधे सामने खेळा.

पैसे आणि हक्क

परतावा. स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांत आणि खेळण्याचा वेळ दोन तासांपेक्षा कमी असेल तर पैसे परत मिळतात. इथे लोक हमखास फसतात: पहिले दोन तास स्टोरी मोडमध्ये घालवतात, मग ऑनलाइन जातात, मग कळतं की आपल्या लाइनवर हे चालत नाही. उलट करा. ट्यूटोरियलसुद्धा बाजूला ठेवा, थेट ऑनलाइन जा आणि पाच-सहा सामने खेळून निर्णय घ्या. प्लेस्टेशन स्टोअरवरही १४ दिवस आहेत, पण डाउनलोड सुरू केलंत की सहसा हक्क संपतो, म्हणजे चाखून बघायची सोय नाही. पीएस५ वाल्यांनी शंका असेल तर डिस्क घ्यावी. नाही जमलं तर विकता येते. ग्रॅनब्लू रायझिंगची मोफत आवृत्ती ऑनलाइन खेळू देते, तिच्यावर लाइनची परीक्षा फुकटात होते.

इंटरनेट कंपनीकडे तक्रार. केबल लावलेल्या संगणकावरून सलग काही संध्याकाळी पिंग आणि पॅकेट लॉसची नोंद ठेवा, स्क्रीनशॉट वेळेसह. तक्रारीत गेमचं नाव घेऊ नका. ‘केबलवर असूनही संध्याकाळी आठ ते अकरा पॅकेट लॉस होतो’ असं लिहा. तक्रार केंद्राकडून डॉकेट क्रमांक मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे. समाधान झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. दूरसंचार नियामक ‘ट्राय’च्या नियमांनी कंपन्यांना ते ठेवावं लागतं आणि अपिलाला शुल्क नसतं. त्यापुढे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

पैजेचे सामने. ‘पाचशे लावतोस का?’ असे निरोप येतात. ऑनलाइन गेमिंगबाबत २०२५ मध्ये झालेल्या केंद्रीय कायद्याने ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी घातली. बक्षिसाची रीतसर स्पर्धा वेगळी आणि अशी पैज वेगळी. दुसरीपासून लांब राहा. लॅगवरून वाद झाला तर दाद मागायला जागाही नाही.

एवढं करूनही जमत नसेल तर

तालुक्याच्या गावी फायबर नसेल, जवळ खेळणारे नसतील, तर ऑनलाइनवर डोकं आपटण्यापेक्षा दोन-चार जण जमवून एका पडद्यावर खेळा. लाहोरचा अर्सलान ॲश समोरासमोरच्या खेळातच घडला आणि त्याने २०१९ मध्ये इव्हो जपान आणि इव्हो या दोन्ही स्पर्धांत टेकन ७ जिंकला, तोवर जगाला पाकिस्तानातल्या खेळाडूंची ताकद ठाऊक नव्हती. घरातल्या सामन्यात उशीर सर्वांत कमी, आणि वर सांगितलेले ते मधल्या वेगाचे हल्ले बघून अडवायला शिकायची संधी इथेच मिळते.

शहरात गेमिंग कॅफेत किंवा कॉलेज महोत्सवात स्पर्धा असेल तर निघण्याआधी आयोजकांना विचारून घ्या: पीएस५ आहे की पीसी, पडदा मॉनिटर आहे की टीव्ही, वायरवाला कंट्रोलर चालेल का. स्वतःची वायर बरोबर न्या. बिनवायरीचाच कंट्रोलर असेल तर खेळून उठताना तो त्या यंत्रापासून अनपेअर करा, नाहीतर पुढच्या जोडीच्या सामन्यात तुमच्या पिशवीतून पॉज लागेल.